काकांची दाढ आणि सत्तर दिवस

दातांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला बसते. अपॉइंटमेंट, बिलं आणि विम्याच्या क्लेमचे कागद ही माझी कामं. "विमा घेऊ का?" असं कुणी विचारलं की मी सहसा हात झटकते. तो आमचा विषय नाही, आणि उद्या क्लेम फेटाळला गेला की शिव्या मलाच.

त्या दिवशी मात्र दुपारी खुर्च्या रिकाम्या होत्या आणि काका पॉलिसीचं पत्रक घेऊन थेट माझ्या टेबलापाशी आले. नुकतेच निवृत्त झालेले. नोकरी संपली तसा कंपनीचा दातांचा विमाही संपला होता. आता स्वतःच्या पैशांनी वैयक्तिक पॉलिसी घ्यावी का, हा प्रश्न. पत्रकाच्या कडा मऊ पडल्या होत्या, बऱ्याच वेळा वाचलेलं दिसत होतं.

"माझं गणित सोपं आहे," काका म्हणाले. "वरच्या पडलेल्या दाढेच्या जागी ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांना जोडून खोटी दाढ बसवून घ्यायची आणि खालची दुखते तिला कॅप. हप्ता सहज वसूल."

मी पत्रक उलटलं. पुढच्या पानावर हसरे चेहरे असतात, कामाचं सगळं मागे बारीक अक्षरात. कंपनी किती देणार, तर तपासणी आणि क्लीनिंगचे १०० टक्के, फिलिंगचे ८०, कॅप आणि ब्रिजचे ५०. वर्षाची कमाल मर्यादा हप्त्याच्या जेमतेम तिप्पट. कॅप-ब्रिजसारख्या मोठ्या कामांना पॉलिसी घेतल्यावर १२ महिने थांबायचं. आणि खाली एक ओळ : पॉलिसी सुरू होण्याआधी पडलेल्या किंवा काढलेल्या दाताच्या जागी काही बसवलं तर त्याचा खर्च मिळणार नाही. म्हणजे ब्रिज गेलाच. ही ओळ लोक वाचतच नाहीत, आणि सर्वांत जास्त रडारड तिच्यावरूनच होते.

"बरं, कॅप तरी?"

डॉक्टर मोकळ्याच होत्या, त्यांना बोलावलं. त्यांनी काकांच्या दाढेच्या एकेका टोकावर प्लास्टिकची छोटी काडी ठेवून चावायला लावलं. चावताना काही नाही, सोडताना काकांनी खुर्चीचा हात आवळला. एक्स-रेत काही दिसलं नव्हतं. तडा बऱ्याचदा दिसत नाहीच, पण सोडताना येणारी कळ बरंच सांगून जाते. "वर्षभर थांबू नका," डॉक्टर म्हणाल्या. "तडा मुळापर्यंत गेला तर दाढ काढावीच लागेल." म्हणजे मग पुन्हा रिकामी जागा.

तेवढ्यात मला सुचलं. आधी दुसरीकडे दातांचा विमा होता असा दाखला दिला, तर काही कंपन्या थांबण्याचा काळ माफ करतात. मात्र मधला खंड ठरावीक दिवसांपेक्षा जास्त नको. पत्रकात तसं कलम होतंही. खंड कमाल ६० दिवस.

"काका, नोकरीतला शेवटचा दिवस कोणता?"

त्यांनी तारीख सांगितली. मी कॅलेंडरवर बोट ठेवून मोजत गेले. दोनदा मोजलं. सत्तर.

काका काही बोलले नाहीत. मग हसले. "म्हणजे घेऊ का नको याचा विचार करण्यातच गेले ते दहा दिवस."

मला फार वाईट वाटलं. निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात ते आमच्याकडे क्लीनिंगला येऊन गेले होते. पावती मीच फाडली होती. एक वाक्य विचारलं असतं तर!

पुढचं गणित कोरडंच होतं. वर्षातल्या दोन तपासण्या, दोन क्लीनिंग आणि एक्स-रे यांचं आमचं बिल हप्त्यापेक्षा थोडं कमीच भरत होतं. कॅप तर आत्ताच खिशातून करायची होती. काकांनी पॉलिसी घेतली नाही. तेवढीच रक्कम दरमहा बाजूला टाकीन म्हणाले. काकूंचं वेगळं. त्यांच्या तोंडात जुन्या मोठ्या फिलिंग्ज बऱ्याच आहेत, त्यांना पुढे कॅप लागू शकते, पण सध्या दुखत काही नाही. वर्षभर थांबणं त्यांना परवडण्यासारखं आहे. त्यांच्यासाठी घ्यावी असं माझं मत पडलं. पण एजंट तोंडी काय म्हणतो ते सोडा, कॅपचे पैसे मिळतील हे लेखी घ्या, एवढं बजावलं.

जाताना काकांनी ते पत्रक माझ्याच टेबलावर ठेवलं. पाठीमागे थोडी कोरी जागा होती. दुसऱ्या दिवशी क्लीनिंगला आलेल्या एका बाईंनी बोलता बोलता सांगितलं, पुढच्या महिन्यात नोकरी सोडतेय. त्या जागेवर पहिलं नाव त्यांचं लिहिलं, पुढे तारीख.