पाच शब्द, जे ऐकूच आले नव्हते

बाबांना नुकतेच सांगितलेले आठवेनासे झाले, तेव्हा शब्दकोडी, पत्ते आणि रोजचे चालणे आम्ही विनासायास सुरू केले. अडलो ते स्मृतिचाचणीपाशी. तीस गुणांच्या त्या चाचणीत पाच शब्द दोनदा वाचून दाखवतात आणि सुमारे पाच मिनिटांनी ते पुन्हा विचारतात. बाबांना त्यांतला एकही सांगता आला नाही. मात्र मी शेजारीच बसलो होतो. दार उघडे, बाहेर गलका, परीक्षकांच्या तोंडावर मुखपट्टी, आणि बाबांनी ते शब्द पहिल्या वेळीही धड उच्चारले नव्हते. जे कानापर्यंत पोचलेच नाही, ते माणूस विसरणार तरी कसे? हे मी तिथेच सांगितले, तर "तीन महिन्यांनी पुन्हा या" एवढेच उत्तर मिळाले. श्रवणतपासणीची चिठ्ठी मागितली, तर एका खिडकीवर स्मृतिचाचणीचा अंतिम अहवाल हवा होता आणि दुसरीवर तो अहवाल श्रवणतपासणीवाचून पूर्ण होत नव्हता. त्या फेऱ्यांचा राग अजून गेलेला नाही. शेवटी आम्ही परस्पर दुसरीकडे कान तपासून घेतले. श्रवणयंत्र लावून शांत खोलीत चाचणी दिली, तेव्हा तीन शब्द आठवले. विस्मरण आहेच, पण कागदावर दिसत होते तेवढे नाही.

त्यानंतर खरा उपयोग झाला तो वाढत्या अंतराने उजळणी करण्याचा. "चष्मा कुठे ठेवायचा?" हा एकच प्रश्न एका मिनिटाने, मग दोन, चार, आठ मिनिटांनी विचारायचा, चुकले की लगेच उत्तर सांगून, ते म्हणवून घेऊन, आधी जमलेल्या अंतरावर परतायचे. "आठवा बघू" असा तगादा मी आधी लावत असे. त्याने बाबा फक्त चिडत. कोड्यांकडून मात्र फार अपेक्षा नको. अमेरिकेत पासष्ट वर्षांवरील २,८३२ जणांवर झालेल्या, मेंदूच्या सरावाचा परिणाम तपासणाऱ्या 'ॲक्टिव्ह' अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले, त्यांत ज्या कौशल्याचा सराव केला तेच प्रामुख्याने सुधारले होते. म्हणून चष्म्याचा सराव चष्म्यानेच करावा.

एक सांगायचे राहिले. ब-१२ जीवनसत्त्व व थायरॉईड यांची रक्ततपासणी आणि झोपेच्या गोळ्यांबाबत डॉक्टरांना विचारणे, हे आम्ही सर्वांत शेवटी केले. ब-१२ची कमतरता, थायरॉईडचा बिघाड किंवा अशा गोळ्या यांमुळेही विस्मरण होऊ शकते, म्हणून ते सर्वांत आधी करावे.