पहिल्या बोअरच्या आधी : आमची वाटचाल

खाणपट्टा म्हणून प्रस्तावित असलेल्या जमिनीची पुरातत्त्वीय पाहणी करणे हा आमच्या छोट्या संस्थेचा मुख्य व्यवसाय आहे. सुरुवातीला आम्ही तिघेच होतो. रस्ते आणि पाइपलाइनच्या किरकोळ कामांवर दोन वर्षे काढल्यानंतर खाणीचे पहिले काम मिळाले, आणि आज आम्ही कामापूर्वी ज्या अटी घालतो त्यांतल्या बहुतेक त्या एका कामातून आल्या आहेत.

आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा खनिजाचा साठा तपासणारी बोअर यंत्रे वर चढवण्यासाठी उतारावर बुलडोझरने रस्ते कापून झाले होते. खाण सुरू झालेली नसल्यामुळे कागदोपत्री आम्ही वेळेवर होतो. दुसऱ्याच दिवशी एका रस्त्याच्या कापलेल्या कडेला काळ्या, जड धातुमळीचा, म्हणजे धातू गाळल्यावर उरणाऱ्या टाकाऊ मळीचा, थर दिसला. त्यात कोळसा होता आणि भात्याची हवा भट्टीत सोडणाऱ्या मातीच्या नळ्यांचे भाजलेले तुकडे होते. धातू गाळण्याची जुनी भट्टी तिथे होती आणि तिचा मधला भाग रस्त्याने नेला होता. उरले ते आम्ही मोजले, रेखाटले, कोळशाचे नमुने घेतले. पण भट्टीचे तोंड कोणत्या दिशेला होते, एवढा साधा प्रश्नही सुटला नाही. त्याची रुखरुख मला अजून आहे.

खरे तर तिथे भट्टी असणे अपेक्षितच होते. आज जे खनिज काढण्याजोगे वाटते ते पृष्ठभागावर डोकावत असेल, तर पूर्वीच्या लोकांनीही ते ओळखलेले असते. रोमानियातील रोशिया मोंताना येथे सोन्यासाठी खोदलेले रोमन काळातील बोगदे आहेत, तर अफगाणिस्तानात मेस आयनक येथे तांब्याच्या साठ्यावरच बौद्ध विहार, स्तूप आणि तांबे गाळल्याच्या खुणा आहेत. म्हणून भूवैज्ञानिकांचा नकाशा हातात आला की खनिज वर उघडे पडलेल्या जागा आम्ही सर्वांत आधी पाहतो.

पाहणीची सुरुवात टेबलावर होते. जुने नकाशे, हवाई छायाचित्रे, झाडीखालचा उंचसखलपणा दाखवणारी लायडारची चित्रे आणि त्या भूमीशी पिढ्यान्‌पिढ्या नाते असलेल्या लोकांनी सांगितलेली ठिकाणे एकत्र मांडली जातात. मग आम्ही 10 ते 15 मीटर अंतर ठेवून ओळीने जमीन चालतो आणि दिसलेले प्रत्येक खापर, दगडी हत्यार किंवा हत्यार घडवताना उडालेला दगडाचा छिलका जीपीएसवर नोंदवून जागेवरच ठेवतो. सकाळ-संध्याकाळचे तिरके ऊन यासाठी उत्तम, कारण बुजलेल्या बांधाची सावली तेव्हाच पडते. गवताने किंवा गाळाने जमीन झाकलेली असेल तिथे ठरावीक अंतरावर लहान चाचणी खड्डे घेऊन माती 6 मिलिमीटरच्या जाळीतून चाळतो. खाणवाले आणि आम्ही दोघेही ‘उत्खनन’ हाच शब्द वापरतो आणि त्यावरून बैठकीत गैरसमज होतात, म्हणून आमच्या अहवालात ‘चाचणी खड्डा’ असेच लिहिले जाते.

पाहणीची हद्द फक्त खाणीच्या खड्ड्यापुरती ठेवायला आम्ही तयार नसतो. वरची माती टाकण्याची जागा, वाहतुकीचे रस्ते, पाण्याची तळी आणि सुरुंगांचे हादरे पोहोचतील तो सर्व भाग तिच्यात हवा.

एका ग्राहकाला ‘येथे कोणतेही अवशेष नाहीत’ असे एका ओळीचे पत्र हवे होते. आम्ही ते दिले नाही आणि काम गेले. त्या वर्षी पगार ओढाताणीने निघाले, तरी तो निर्णय योग्यच होता असे मी मानतो. अवशेष आढळले नाहीत, असे लिहिताना जमीन कुठे दिसत होती, कुठे दिसत नव्हती आणि किती खड्डे कोरे निघाले, हे नकाशासह लिहिले नाही तर त्या वाक्याला काही किंमत नाही.

पाहणी कधी होते यावर किती अवलंबून असते, याची दोन उदाहरणे मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी सांगतो. जर्मनीत शोनिंगेन येथील तपकिरी कोळशाच्या उघड्या खाणीत 1983 पासून हार्टमुट थीमे यांचा गट यंत्रांच्या पुढे राहून काम करत होता. म्हणूनच 1990 च्या दशकात तिथे लाखो वर्षांपूर्वीचे लाकडी भाले घोड्यांच्या हाडांसोबत हाती लागले. याउलट पश्चिम ऑस्ट्रेलियातील जूकन घळीतले खडकातील प्राचीन निवारे खाणीसाठी नष्ट करण्याची परवानगी 2013 मध्ये मिळाली आणि त्यांचे खरे महत्त्व 2014 च्या खोदकामात कळले. सुमारे 46,000 वर्षांचा मानवी वावर सांगणाऱ्या त्या जागा मे 2020 मध्ये सुरुंगाने गेल्या, कारण नवी माहिती आल्यावर परवानगीचा फेरविचार करण्याची तरतूद ती परवानगी ज्या कायद्याखाली दिली गेली त्या कायद्यात नव्हती.

आता आम्ही बोअरच्या जागा जमिनीवर आखण्याआधी बोलावण्याची अट घालतो. अलीकडच्या एका कामात मातीच्या डंपसाठी ठरवलेल्या जागेखाली चुंबकीय पाहणीत (भाजलेल्या मातीमुळे जमिनीच्या चुंबकत्वात पडणारा फरक मोजून) भट्ट्यांची रांग दिसली, चाचणी खड्ड्यांत मळी निघाली, आणि आराखडा अजून कागदावर असल्यामुळे डंप बाजूला सरकवता आला. त्या जागेभोवती कुंपण आहे, हादरे मोजणारे यंत्र बसवले आहे, आणि तिथल्या नोंदी दर महिन्याला आमच्याकडे येतात.