राउटरची रॅम खातंय कोण?

आमच्या छोट्या आयएसपीनं (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीनं) दुसरा अपस्ट्रीम, म्हणजे आम्हाला इंटरनेट देणारा मोठा पुरवठादार, घेतला आणि एज राउटरची (बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या राउटरची) मोकळी मेमरी तळाला गेली. साहजिकच होतं म्हणा, आयपीव्ही४ चं फुल टेबल, म्हणजे अख्ख्या इंटरनेटच्या वाटांची यादी, 9 लाख रूट्सच्या वर गेलेलं आणि आम्ही ते दोन्हीकडून घेत होतो. लॉगमध्ये 'मॅलॉकफेल' (मेमरी मिळाली नाही) दिसताच साहेबांनी रॅमचं कोटेशन मागवलं. मी म्हटलं, "सर, आधी खातंय कोण ते बघू."

ओएसपीएफवर (आपल्याच नेटवर्कच्या आतले रूट्स ठरवणाऱ्या प्रोटोकॉलवर) संशय घेण्यात अर्थ नव्हता, आमच्या आतल्या रूट्सना लागते किती? मग बाहेरच्या नेटवर्कांशी रूट्सची देवाणघेवाण करणारा प्रोटोकॉल, बीजीपी; त्याची 'शो आयपी बीजीपी समरी' कमांड मारली. तिच्या वरच्या ओळी कुणी वाचत नाही, सगळ्यांची नजर थेट नेबर (बीजीपीनं जोडलेला पलीकडचा राउटर) अप आहे का इकडे. त्या ओळींतच होतं: इनबाउंड सॉफ्ट रीकॉन्फिगरेशनसाठी राखलेले पाथ, आकडा लाखांत!

हे फीचर चालू असलं की नेबरकडून आलेलं सगळं राउटर मूळ रूपात जपून ठेवतो, पॉलिसी (कोणता रूट घ्यायचा, कसा घ्यायचा याचे नियम) बदलली की त्यावर पुन्हा लावता यावी म्हणून. पॉलिसीनं रूटमध्ये काहीच बदललं नाही तर एकाच प्रतीवर भागतं. आमचा रूट-मॅप (पॉलिसीचे नियम लिहिलेली यादी) मात्र प्रत्येक रूटला लोकल प्रेफरन्स (कोणती वाट आधी वापरायची तो आकडा) लावत होता, म्हणजे मूळ वेगळा, बदललेला वेगळा. नको ते रूट्स गाळणारी प्रीफिक्स-लिस्ट लावूनही मेमरी का सुटत नव्हती तेही कळलं. नाकारलेले रूट्ससुद्धा या गोदामात पडून होते.

आता याची गरज नसते. 2000 सालच्या आरएफसी 2918 (इंटरनेटच्या मानकाचा दस्तऐवज) पासून रूट रिफ्रेश आहे. पॉलिसी बदलली की नेबरलाच सांगायचं, पुन्हा पाठव. 'शो आयपी बीजीपी नेबर्स'मध्ये दोन्ही अपस्ट्रीमना ते चालतंय याची खात्री केली. मग रात्रीच्या मेंटेनन्स विंडोत एकेका नेबरवरची सॉफ्ट रीकॉन्फिगरेशनची ओळ काढून सेशन क्लिअर केलं. तोवर ट्रॅफिक दुसऱ्या लिंकवर. मेमरी सुटली. नेबरनं मुळात काय पाठवलं ते दाखवणारी 'रिसीव्ह्ड-रूट्स' कमांड मात्र गेली, आणि अपस्ट्रीमशी वाद घालताना ती फार कामाची असते.

साहेब खूश, पण मी टीकॅमचं (रूट्स झटकन शोधायला राउटरच्या हार्डवेअरमध्ये असलेल्या वेगळ्या, ठरावीक आकाराच्या मेमरीचं) काढलं. 12 ऑगस्ट 2014 ला जागतिक टेबल 512 हजारांपुढे गेलं तेव्हा कित्येक जुन्या राउटरचं टीकॅम भरलं होतं; तिथं रॅम वाढवून काही उपयोग नव्हता. म्हणून दुसऱ्या अपस्ट्रीमकडून आता फक्त डीफॉल्ट (बाकी सगळ्यासाठीची एकच वाट) आणि त्याच्या ग्राहकांचे रूट्स घेतो. सॉफ्ट रीकॉन्फिगरेशन एका बीजीपी ग्राहकावर तेवढं ठेवलंय. त्याचे प्रीफिक्स (पत्त्यांचे गट) मोजून चार, आणि फोन त्याचेच सगळ्यात जास्त येतात.