उलटी ग्रिप

सोमवारी गोल्फचं मैदान बंद असतं. मेंबर येत नाहीत, माळी हिरवळीवर मशीन फिरवतात आणि कॅडींना, म्हणजे मेंबरांच्या स्टिकची पिशवी वाहणाऱ्या पोरांना, खेळायची मुभा मिळते. पुण्याजवळच्या ज्या क्लबात मी कोच आहे तिथेही हाच रिवाज. पोरं उजाडायच्या आत हजर. कुणाच्या पायात मेंबरने टाकून दिलेले बूट, कुणाच्या पिशवीत तीन कंपन्यांच्या तीन स्टिक.

त्या सोमवारी नव्याने कामाला लागलेला एक पोरगा रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागेवर, आला. उजवीकडून खेळणारा, पण स्टिक धरली ती उजवा हात वर आणि डावा खाली. शिकवताना आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो त्याच्या बरोबर उलट. सेव्हन आयर्नने, म्हणजे मधल्या अंतराच्या स्टिकने, त्याने चेंडू मारला. खालून, सरळ, ना डावीकडे वळला ना उजवीकडे. दुसराही तसाच, तिसराही तिथेच पडला.

कामानिमित्त आलेले एक जुने मेंबर मागे उभे होते. म्हणाले, "कोच, आधी याची ग्रिप सुधारा. पोरगं वाया जाईल."

मी मोबाइलवर त्याचा स्विंग स्लो मोशनमध्ये काढला. चेंडूला लागायच्या क्षणी डावं मनगट फळीसारखं सपाट! हे एक मनगट सरळ राहावं म्हणून लोक माझ्याकडे महिनोन्‌महिने फी भरतात. तोटाही दिसत होता. उजवा हात वर असल्यामुळे खांदा पुरता फिरत नव्हता, त्यामुळे अंतर कमी पडत होतं. पण दिशा उसनी आणता येत नाही.

पोरगा मात्र मेंबरचं बोलणं ऐकून हात बदलायला लागला होता. तेव्हा त्याला बाजूला बसवून मी पापवा सेवगोलम या गोल्फरची गोष्ट सांगितली.

पापवा दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा. भारतातून गिरमिटावर गेलेल्या मजुरांचा वंशज. लहानपणीच कॅडी झाला. लिहिता-वाचता येत नव्हतं आणि खेळ शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून ग्रिपही आपली आपणच बसवलेली: डावा हात खाली. वर्णभेदाच्या राजवटीत त्याला गोऱ्यांच्या स्पर्धेत कोण घेणार? ज्याच्याकडे तो काम करायचा त्या ग्रॅहॅम वुल्फ नावाच्या उद्योजकाने त्याला युरोपात नेलं. 1959 मध्ये पापवाने डच ओपन जिंकली. 1960 मध्ये पुन्हा आणि 1964 मध्ये तिसऱ्यांदा.

1963 ची नाताळ ओपन मात्र घरच्याच गावात होती, डर्बन कंट्री क्लबवर. नाताळ हे तिथल्या प्रांताचं नाव. पापवा जिंकला. पण क्लबहाउसमध्ये गोऱ्यांशिवाय कुणाला प्रवेश नाही. बाहेर पाऊस, आत गोरे खेळाडू आणि विजेत्याला करंडक बाहेर पावसात दिला. तो फोटो जगभर छापून आला आणि दक्षिण आफ्रिकेवरच्या क्रीडा बहिष्काराच्या मागणीला बळ मिळालं. 1965 मध्ये त्याने हीच स्पर्धा पुन्हा जिंकली, तीही गॅरी प्लेअरला मागे टाकून. गॅरी प्लेअर म्हणजे त्या काळातला जगातल्या पहिल्या तिघांतला. त्यानंतर सरकारने पापवाला देशातल्या मोठ्या स्पर्धांत खेळायची बंदी केली आणि पासपोर्टही काढून घेतला. ऐन भरातला खेळाडू घरी बसला. 1978 मध्ये तो हृदयविकाराने गेला, पन्नाशी गाठण्याआधी. आज डर्बनमधल्या महापालिकेच्या एका गोल्फ मैदानाला त्याचं नाव आहे.

खरं सांगायचं तर मला त्या फोटोचा थोडा रागच येतो. फोटो खोटा नाही, त्याने मोठं काम केलं. पण पापवाचं नाव निघालं की सगळे पावसाबद्दल बोलतात आणि त्याचा खेळ मागे पडतो. गॅरी प्लेअरला हरवलं ते दयेवर नव्हे. उलट्या हातांनी तीन वेळा डच ओपन मारणं म्हणजे काय, हे कुणी सहसा विचारत नाही.

पोराने विचारलं. फोटो दाखवल्यावर तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "सर, एवढ्या पावसात ग्रिप सटकली नाही का त्याची?"

मी हसलो. म्हटलं, अरे, हे बक्षीस देतानाचं आहे, खेळ संपला होता. मग आम्ही ओल्या ग्रिपवरच बोलत बसलो. टॉवेल कुठे अडकवायचा, पकड कितपत सैल ठेवायची. कॅडीला यातलं बरंच आधीच माहीत असतं, आपल्या साहेबांसाठी तो तेच तर करत असतो. आपल्याकडे 1991 ची इंडियन ओपन जिंकणारा दिल्लीचा अली शेरही कॅडीच होता, हेही सांगितलं. त्या नावाने त्याचे डोळे जास्त चमकले. दिल्ली डर्बनपेक्षा जवळची!

ग्रिपला मी हात लावला नाही. उजवा पाय जरा बाहेर वळवला आणि डावी टाच थोडी उचलू दिली, म्हणजे खांदा आणखी फिरेल. पुढचे काही चेंडू गेले वाकडे. मग एक गेला तो नेहमीच्या जागेच्या बराच पुढे.

मेंबर तोवर पटिंग ग्रीनवर, म्हणजे चेंडू हळूच ढकलून खळग्यात घालायच्या हिरवळीवर, सराव करत होते. मला बघून म्हणाले, "सुधारली का ग्रिप?"

मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. पटर, म्हणजे त्यासाठीची स्टिक, धरलेला, उजवा हात वर, डावा खाली. अमेरिकन गोल्फर जॉर्डन स्पीथ असाच पट करतो म्हणून त्यांनी मागे माझ्याकडूनच शिकून घेतलं होतं.

म्हटलं, "साहेब, तुमचीही तशीच आहे की."

"हे वेगळं," ते म्हणाले आणि दोन फुटांचा पट हुकवला.