एस-बॉक्सच्या गणितावर पीएचडी: बर्गनच्या जागेसाठी केलेला अर्ज

नॉर्वेत पीएचडी ही नोकरी असते. जागेची जाहिरात निघते, जॉबनॉर्गे या पोर्टलवर अर्ज करायचा, निवड झाली की ‘स्टिपेंडियाट’ या पदावर नेमणूक होते. मुदत ३ वर्षांची. २५ टक्के शिकवण्याचं काम जोडलेलं असेल तर ४ वर्षांची. मी अर्ज केला तो बर्गन विद्यापीठाच्या सेल्मर केंद्रातल्या जागेसाठी. सिमेट्रिक क्रिप्टोग्राफीत, म्हणजे एकाच किल्लीने संदेश लपवण्या-उलगडण्याच्या शास्त्रात, लागणाऱ्या बूलीय (० आणि १ वरच्या) फंक्शनांवर तिथे अनेक वर्षं काम चालू आहे. नेट किंवा गेटचे गुण तिथे कोणी मागत नाही.

कागदपत्रांत एकच खरी अडचण येते. तिकडे एका पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट धरतात, एमएस्सीचे १२० लागतात आणि त्यात सहसा किमान ३० क्रेडिटचा प्रबंध अपेक्षित असतो. आपल्याकडचे क्रेडिट वेगळ्या मापाचे, आणि गणिताच्या एमएस्सीत बऱ्याचदा प्रबंधच नसतो. स्वतः गुणाकार करून आकडा बसवू नका. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र जोडा: प्रकल्प किती महिने चालला, मार्गदर्शन कोणाचं, एकूण अभ्यासक्रमात त्याचा वाटा किती. हे पत्र आणि गुणपत्रिकांच्या प्रमाणित प्रती मिळायला आठवडे जातात, म्हणून ते काम सर्वांत आधी सुरू करावं.

माझा बहुतेक वेळ गेला तो नमुना म्हणून जोडलेल्या गणनेत. सुरुवात ‘प्रेझेंट’ या सायफरच्या (सांकेतिकरणाच्या पद्धतीच्या) ४ बिटांच्या एस-बॉक्सपासून केली. एस-बॉक्स म्हणजे प्रत्येक इनपुटऐवजी ठरलेलं आउटपुट देणारा तक्ता. ० ते १५ या इनपुटना तो अनुक्रमे १२, ५, ६, ११, ९, ०, १०, १३, ३, १४, १५, ८, ४, ७, १, २ देतो. इनपुटमधला फरक १ धरा, म्हणजे लगतच्या जोड्या घेऊन त्यांच्या आउटपुटचा एक्सऑर (बिट वेगळे तिथे १, सारखे तिथे ०) काढा: ९, १३, ९, ७, १३, ७, ३, ३. जोडी दोन्ही क्रमांनी मोजली की ३, ७, ९, १३ हे चारच फरक प्रत्येकी ४ वेळा येतात. चौघांतही किमान दोन बिट चालू आहेत. इनपुटचा एक बिट बदलला की आउटपुटचे निदान दोन बदलावेत, ही रचनेतली अटच आहे. फरकांच्या तक्त्यातली ही एक ओळ हाताने मांडल्याशिवाय संगणकाकडे जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

मग ८ बिट. एईएस या सर्रास वापरल्या जाणाऱ्या सायफरमधल्या व्यस्ताच्या फंक्शनसाठी शून्येतर फरकाच्या प्रत्येक ओळीत एकदा ४, १२६ वेळा २ आणि १२९ वेळा ० येतो. एक्सच्या घनासाठी फक्त ० आणि २. यालाच एपीएन म्हणतात. भेदात्मक हल्ल्याविरुद्ध, म्हणजे इनपुटमधल्या फरकावरून आउटपुटमधला फरक ताडून सायफर फोडण्याविरुद्ध, याहून चांगलं काही शक्य नाही. पण ३ ने २५५ ला भाग जातो, त्यामुळे घनाची शून्येतर मूल्यं ८५ च उरतात आणि फंक्शन उलटवता येत नाही. कळीचा प्रश्न नेमका इथे आहे: सम मितीत (बिटांची संख्या सम असताना) एपीएनही असेल आणि एकास-एकही असेल असं फंक्शन मिळतं का? ४ मितीत ते नाही हे सिद्ध झालंय. ६ मितीतलं डिलन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं. ८ आणि त्यापुढचा प्रश्न अजून उघडा आहे.

ही गणना मी सेज या गणिती सॉफ्टवेअरमध्ये केली. सेजमध्ये एक चूक हमखास होते. सेजच्या फाइलमध्ये टोपीचं चिन्ह (^) म्हणजे घात. तीच ओळ साध्या पायथॉन फाइलमध्ये पूर्णांकांवर चालवली की एक्सऑर होतो. प्रत्येक ओळीत एकाच जागी २५६ दिसले, तर घनाऐवजी ३ शी एक्सऑर झालाय असं समजा. दुसरी गोष्ट: ८ बिटांच्या संख्यांचा गुणाकार ज्या अविभाज्य बहुपदीवरून ठरतो, ती सेज आपणहून घेतो ती एईएसची नाही. मूल्यांचा तक्ता जुळणार नाही, पण वरची वारंवारता तीच येते. घाबरायचं कारण नाही.

संशोधन आराखड्याच्या पहिल्या मसुद्यात मी थेट ८ मितीचा प्रश्न सोडवायचं लिहिलं होतं. ते काढलं, आणि अर्जाला खरा आकार तिथून आला. नवा आराखडा असा: ८ मितीतली द्विघाती फंक्शनं घ्यायची. पदं २८; सहगुणक कुठलेही चालले तर शक्यता २ चा २२४ वा घात, पण ते ० किंवा १ एवढेच ठेवले तर २ चा २८ वा घात, म्हणजे सुमारे २६.८ कोटी. वर्ग करण्याच्या सममितीमुळे त्यांतली साधारण ३.४ कोटीच तपासावी लागतात. प्रत्येकासाठी २५५ फरकांऐवजी ३५ पुरतात. फंक्शन द्विघाती असल्यामुळे प्रत्येक तपासणी म्हणजे ८ बाय ८ च्या मॅट्रिक्सचा रँक ७ आहे का, एवढंच. घरच्या संगणकावर हे होतं.

सापडलेलं फंक्शन जुनंच, वेगळ्या रूपात आलेलं असू शकतं. म्हणून सीसीझेड समतुल्यता (दोन फंक्शनं मुळात एकच मानायची का, याचा निकष) कशी तपासणार हे आराखड्यात लिहायलाच हवं. द्विघातींसाठी ऑर्थोडेरिव्हेटिव्हचं (मूळ फंक्शनच्या फरकांवरून बनणाऱ्या सोबतच्या फंक्शनचं) वारंवारता-कोष्टक ही मी पाहिलेली सर्वांत झटपट चाचणी आहे.

व्हिडिओवरच्या मुलाखतीत याच परिच्छेदावर प्रश्न आले. शोधात नवं काहीच मिळालं नाही तर? संपूर्ण वर्ग तपासला आणि कोड खुला ठेवला, तर ‘या वर्गात नवं काही नाही’ हा निष्कर्षही छापण्याजोगा असतो, हे उत्तर मी दिलं. आजही तेच देईन.

त्यानंतर कुशल कामगार म्हणून निवास परवाना. तिथे राहणाऱ्याला ११ अंकी ओळख क्रमांक मिळतो, आणि त्याचे शेवटचे दोन तपासणी-अंक मॉड्युलो ११ ने काढायची पद्धत बसवली ती, ज्यांचं नाव या केंद्राला आहे त्या अर्न्स्ट सेल्मर यांनीच. पहिल्या नऊ अंकांना अनुक्रमे ३, ७, ६, १, ८, ९, ४, ५, २ ने गुणा, बेरीज ११ ने भागा, बाकी ११ मधून वजा करा: दहावा अंक मिळतो. वजाबाकी ११ आली तर ०. १० आली तर तो क्रमांक वापरतच नाहीत.