वीस वर्षं आठवरच राहिलेली लेन्स

काकाजींची लेन्स शेवटी नीट झाली. फोकस रिंग लोण्यासारखी फिरून राहिली, दूरचंही शार्प येते, आणि मागच्या रविवारी पऱ्हाटीच्या म्हणजे कापसाच्या वावरात तिच्यातनं जे फोटो निघाले ते पाहून हे लिहायला बसलो.

काकाजी म्हणजे आमच्या घरामागचे. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याला त्यांचा फोटो स्टुडिओ होता, ८३-८४ पासून वीसेक वर्षं चालवला, आमच्या पंचक्रोशीतल्या निम्म्या लग्नांचे अल्बम त्यांच्या हातचे असतील. डिजिटल आलं तसं त्यांनी शटर ओढलं आणि शेती करू लागले. त्यांचा रशियन झेनिट कॅमेरा आणि त्याची लेन्स चामड्याच्या कव्हरात घालून अलमारीत पडून होती. गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी आठ दिवस झड लागली होती, घरात बसून बसून कंटाळलो म्हणून त्यांच्याकडे गेलो आणि ती अलमारी उघडली. "ने तुले पायजे तर, भंगारवाला बी वीस रुपयाच्या वर देत नाई," असं म्हणाले.

लेन्स हेलिओस ४४-२. ५८ मिमी, एफ २. म्हणजे अपर्चर, उजेड आत सोडणारं भोक, एफ २ पर्यंत उघडते; आकडा लहान तेवढं भोक मोठं आणि मागचं जास्त धूसर. जर्मनीतल्या कार्ल झाइस येनाची बायोटार म्हणून ५८ मिमीची लेन्स होती, तिच्या डिझाइनवरनं युद्धानंतर रशियात ही बनली, चार गटात सहा काचा, आठ पात्यांचं अपर्चर. रशियन लेन्सच्या नंबरातले पहिले दोन आकडे बहुतेक वेळा सालच असते आणि हिचा नंबर ८१ नं सुरू होते. म्हणजे माझ्यापेक्षा मोठी आहे. हातात घेतली तर गार, जड, सगळी धातूची, प्लास्टिकचा कुठं पत्ता नाही.

पण रिंग फिरतच नव्हती. आणि टॉर्च लावून आतनं पाहिलं तर पुढच्या काचेच्या मागं कोळ्याचं जाळं असावं तशी बुरशी. चामड्याचं कव्हर ओल धरून ठेवते आणि आपल्याकडची झड तर माहीतच आहे, कपडे वाळत नाही तिथं लेन्सचं काय. तुमच्याकडे कोणाची जुनी लेन्स चामड्याच्या कव्हरात असेल तर आजच बाहेर काढा, खरंच सांगतो. माझी आता स्टीलच्या डब्यात राहते, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, दर महिन्याला तव्यावर मंद गरम करून परत टाकतो.

उघडायला लागणारी हत्यारं इथं मिळत नाही, ऑनलाइन मागवली तर महाग, म्हणून जे घरी होतं त्यातनं केलं. समोरची नावाची रिंग नुसत्या घर्षणानं फिरवायची असते तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा एका झाकणाला ताणून बसवला आणि दाबून फिरवलं, सुटली. काचेची कडी काढायला खाचेत दोन टोकं घालून फिरवावं लागते, त्याला कंपासपेटीतल्या कर्कटकाची टोकं कानशीनं घासून चपटी केली. टोक सटकलं तर काचेवर कायमचा ओरखडा, म्हणून काचेवर कागदाचा गोल कापून ठेवायचा. बुरशीला मेडिकलमधनं आणलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड, मग मोबाइल रिपेअरवाल्याकडचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ सुती कपड्यानं, मधातनं बाहेर गोल गोल. बुरशी गेली. एका ठिकाणी तिनं काचेवरचं कोटिंग खाल्लंय, तो डाग राहिला आणि तो आता जाणार नाही, पण फोटोत काही दिसत नाही, फक्त सूर्य समोर घेतला तर थोडं धुरकट येते. पुसलेल्या काचा उन्हात ठेवल्या की उरलेली बुरशी मरते म्हणतात तसं मीही केलं, पण एक लक्षात ठेवा, लेन्स म्हणजे शेवटी भिंगच आहे आणि आपल्या घरात कापूस पडलेला असते. मागं जळेल असं काही असता कामा नये आणि कापसाच्या खोलीत तर अजिबातच ठेवायची नाही.

खरी परीक्षा पुढं होती. फोकस रिंगच्या आतले आटे, त्याला हेलिकॉइड म्हणतात. साध्या बोल्टला एकच आटा असते, कुठूनही लावा, बसते. यात एकाच वेळी बरेच आटे शेजारीशेजारी सुरू होतात, म्हणून थोडं फिरवलं तरी काच बरीच पुढंमागं सरकते. आणि म्हणूनच सोडताना नेमका कुठं सुटला ती जागा सुईनं खुणवून ठेवावी लागते. मी नाही खुणवली. रिंग एकदाची सैल झाली या आनंदात फिरवत गेलो आणि टक करून दोन भाग दोन हातात आले. जुनं ग्रीस गूळ आटून कढईला चिकटावा तसं वाळलेलं होतं, ते साफ करण्यात एक संध्याकाळ गेली आणि नंतरच्या सात संध्याकाळी परत बसवण्यात. एका सुरुवातीवरनं लावायचं, पूर्ण जोडायची, कॅमेऱ्यावर चढवायची, गच्चीवर जाऊन गावाबाहेरच्या मोबाइल टॉवरवर इन्फिनिटीला, म्हणजे रिंगच्या सगळ्यात दूरच्या खुणेवर, पाहायचं, टॉवर धूसर दिसला की परत खोलायची. आठव्या संध्याकाळी टॉवरवरचा लाल दिवा टोकदार दिसला. मी गच्चीवरनंच ओरडलो.

कॅमेरा माझा कॅननचा २००डी आहे. जुन्या झेनिटच्या लेन्सचा माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला बसायची जागा, एम४२, ४२ मिमी व्यासाचे आटे, आणि लेन्सच्या बुडापासून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.४६ मिमी. कॅननचं ४४. म्हणजे मधातल्या दीड मिमीत अडॅप्टरची चकती बसून जाते आणि दूरचंही फोकस होते. निकॉनच्या डीएसएलआरवाल्यांचं अंतर ४६.५ आहे, त्यांना बिनकाचेच्या अडॅप्टरवर दूरचं फोकस भेटत नाही, त्यांनी हे आधी पाहून घ्या मगच पैसे घाला. आणि कॅमेऱ्याच्या मेनूत लेन्सशिवाय शटर चालू करावं लागते, नाहीतर कॅमेरा लेन्स नाही म्हणून क्लिकच करत नाही.

आता माझी चूक सांगतो म्हणजे कोणी परत करू नका. ग्रीस मी सायकल दुकानातलं घातलं होतं. फेब्रुवारीत एकदम मस्त फिरायची. मे महिन्यात इकडं पारा ४५ च्या घरात गेला, टिनाखालच्या खोलीत लेन्स पडली होती, त्या ग्रीसचं तेल सुटलं आणि आतल्या पात्यांवर उतरलं, काचेवर धुरासारखं पुट चढलं. मन इतकं खट्टू झालं की पंधरा दिवस तिला हात लावला नाही. जूनमध्ये परत खोलली, पाती एकेक पुसली, या वेळी हेलिकॉइडचं हलकं ग्रीस मागवलं आणि अगदी काडीच्या टोकाएवढं लावलं. आणि खूण केली. सुईनं, दोन ठिकाणी. जोडायला दोन मिनिटं लागली.

तर मागच्या रविवारी काकाजींच्याच वावरात वेचणी चालू होती, लेन्स घेऊन तिकडं गेलो. काकूजी ओटीत कापूस घालत होत्या. मी दोन मीटरवर बसलो, मागं आठ-दहा मीटरवर फुटलेली पऱ्हाटी, अपर्चर एफ २ वर पूर्ण उघडलं. स्क्रीनवर दहापट मोठं करून डोळ्याच्या पापणीवर फोकस आणला आणि क्लिक. या लेन्सची गंमत अशी की असं मागं बारीक बारीक पांढरं-हिरवं असलं की ते सगळं चेहऱ्याभोवती गोल फिरल्यासारखं येते. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर छोटा, ५८ ची लेन्स ९३ सारखी होते, कडा कापल्या जातात म्हणून फिरणं फुल फ्रेमपेक्षा, म्हणजे फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरपेक्षा, कमी दिसते, पण कापसाच्या बोंडांवर तेवढंही खूप आहे.

काकाजींना दाखवलं. त्यांनी कॅमेरा डोळ्याजवळ नेला, लांब नेला, परत जवळ नेला.

"हे माह्याच लेन्सनं काढलं का बे?"

"हव काकाजी. तुमचीच."

"मागचं सारं गरगर फिरून राह्यलं ना! कितीवर घेतला?"

"दोनवर."

"दोनवर?" ते माझ्याकडे पाहतच राहिले. "म्या उभ्या जल्मात दोनवर नाई नेली रे हे."

मग बांधावर बसून त्यांनी सांगितलं. लग्नात रोल १०० एएसएचा, एएसए म्हणजे फिल्म उजेडाला किती तेज ते. झेनिटचं शटर फ्लॅशशी सेकंदाच्या तिसाव्या भागावर जुळायचं, आणि फ्लॅशचा गाईड नंबर, म्हणजे त्याच्या ताकदीचा आकडा, २४; त्याला अंतरानं भागलं की अपर्चर निघते. नवरानवरी तीन मीटरवर उभे केले की २४ भागिले ३, आठ. एफ ८. सगळा हिशोब तोंडपाठ. आठवर केलं की पुढचंमागचं सगळं शार्प येते, मामा-मामी थोडे पुढंमागं उभे राहिले तरी धूसर येत नाही, आणि रोल महाग, ३६ पैकी एक वाया गेला तरी चालत नव्हतं. फोकस ते व्ह्यूफाइंडरमधनं करतच नसत, मंडपात अंधार असायचा, पावलं मोजून रिंगवरचे आकडे लावायचे. म्हणजे एवढी वर्षं ही लेन्स त्यांच्या गळ्यात होती आणि ती काय करू शकते हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, हे मला अजून राहून राहून आठवते.

मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, स्क्रीन नीट दिसत नाही, म्हणून म्हटलं मी फोकस करून देतो. नको म्हणाले. काकूजींपासून तीन पावलं मागं सरकले, डाव्या हाताचा अंगठा आणि बोट रिंगवर ठेवलं, न पाहता थोडी फिरवली, थांबले, अगदी केसभर परत मागं आणली. "दोनवर कर," म्हणाले. केलं. काकूजी म्हणाल्या, "आता काय लग्न लावता का माह्यं परत," आणि हसल्या, तेवढ्यात शटर पडलं.

मोठं करून पाहिलं. पापणी शार्प. कपाळावर चिकटलेला कापसाचा धागासुद्धा.

काकाजींना फोनवर पाठवून दिला तो फोटो. घरी निघताना मागनं हाक मारून म्हणाले, "बाबू, एक आठवर बी घेऊन ठेव, लुगडं पुरं दिसलं पायजे." परत गेलो आणि घेतला.