बाकडं कुठे हवं?

फ्रान्सच्या संसदेसाठी मला मत नाही, मी तिथली नागरिक नाही. पण माझ्या पॅरिसमधल्या वस्तीत झाडं कुठे लावायची, बाकडी कुठे ठेवायची, यासाठी गेल्या सप्टेंबरात मी मत दिलं. २०१४ पासून तिथली पालिका विकासकामांच्या पैशातला काही वाटा रहिवाशांवर सोपवते. सुरुवातीला तो ५ टक्के होता. कामं रहिवासी सुचवतात, पालिकेचे इंजिनिअर ती जमतील का आणि खर्च किती हे तपासतात, मग मतदान. पासपोर्ट कुठला, हे कुणी विचारत नाही.

सुट्टीत घाटकोपरला आईला हे कौतुकानं सांगत होते. मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "अगं, मग आम्ही काय केलं होतं?"

तिचं खरं होतं. रहिवाशांनी गट करून पालिकेसोबत आपल्या गल्लीची स्वच्छता बघायची, ही मुंबई महापालिकेची एएलएम योजना १९९७ ची, आणि तिची प्रेरणा घाटकोपरचीच जोशी लेन. आमच्या गल्लीतही मग ओला-सुका कचरा वेगळा होऊ लागला, मागच्या अंगणात गांडूळखताचा खड्डा आला. आई आणि शेजारच्या काकू दारोदार फिरायच्या. आधी लोक दार अर्धंच उघडायचे. काही महिन्यांनी खत तयार झालं, तेव्हा त्याच घरांतले लोक रिकाम्या कुंड्या घेऊन खाली आले. मातीचा तो ओला वास मला अजून आठवतो.

मला खटकतं ते पुढचं. श्रमाला आणि वर्गणीला गल्ली हवी असते. पदपथ कधी खणायचा, हे मात्र पेव्हर ब्लॉकचा ट्रक दारात उभा राहिला की कळतं. पुण्यात २००६ पासून नागरिक अर्ज भरून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवतात. आपल्या राज्यात २००९ च्या कायद्यानं क्षेत्रसभाही दिली आहे, आसपासच्या मतदारांनी एकत्र बसून कामं सुचवायला. गल्लीत विचारलं, तर हा शब्दच कुणी ऐकला नव्हता.

रविवारी गच्चीवर अकरा घरं जमली. वहीत पहिलं काम लिहिलं, नाक्यावर बाकडं. मी म्हटलं, रिक्षा स्टँडपाशी. काकू लगेच म्हणाल्या, "तिथे नको गं, चारपर्यंत ऊन असतं. बदामाखाली घ्या, भाजी आणताना मी तिथेच थांबते."

वहीत 'रिक्षा स्टँड' खोडून 'बदाम' लिहिलं.